चाकांवरची बलिस्टा कुठे उभी करायची?

'रोम: टोटल वॉर' हा रोमन काळातल्या लढायांचा संगणकावरचा गेम २००४ साली आला आणि पुढच्याच वर्षी त्याला 'बार्बेरियन इन्व्हेजन' नावाची पुरवणी मिळाली. मूळ गेम सुरू होतो इसवी सनापूर्वी २७० साली. पुरवणी मात्र थेट इसवी सन ३६३ मध्ये नेऊन सोडते. पश्चिमेला एक रोमन सत्ता, पूर्वेला दुसरी, सरहद्दीवर गॉथ आणि व्हँडल या टोळ्या, आणि त्यांच्या मागे हूण. याच पुरवणीत रोमनांच्या हाती कॅरोबलिस्टा येते. कॅरोबलिस्टा म्हणजे गाडीवर बसवलेलं मोठं बाणयंत्र. चालतं-फिरतं तोफखान्याचं युनिट म्हणा. फक्त इथे दारूगोळा नाही, पिळलेल्या दोरांचा जोर आहे.

हे युनिट पहिल्यांदा मिळालं तेव्हा मी ते रणांगणभर फिरवलं. चार बाण मारले की मागे पळ, पुन्हा थांब, पुन्हा चार बाण. शत्रूचं पायदळ दमेल आणि आपल्या गाड्या सुरक्षित राहतील, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात गाड्या मॅपच्या कडेला जाऊन अडकल्या, शत्रूच्या घोडदळाने त्या तिथेच कापल्या आणि पायदळ जवळपास शाबूत राहिलं. असं तीन-चार लढायांत झाल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चूक यंत्राची नव्हती. त्या चाकांचा उपयोग काय, हेच मला कळलं नव्हतं.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्याच्या बाणाच्या वाटेवर अवलंबून आहे. बलिस्टाच्या चौकटीत दोन्ही बाजूंना जनावरांच्या स्नायूंच्या तंतूंचे किंवा केसांचे जाड पेड पिळून ताणलेले असतात. प्रत्येक पेडात एक लाकडी दांडा खोचलेला असतो आणि दोन्ही दांड्यांच्या टोकांना प्रत्यंचा बांधलेली असते. प्रत्यंचा मागे ओढली की पेड आणखी पिळले जातात, सोडली की उलटे फिरतात आणि बाण सुटतो. स्कॉर्पियन हे याच जातीचं लहान यंत्र. ऑनेजर वेगळं. त्यात एकच पेड, एकच उभा दांडा आणि टोकाला गोफण. ऑनेजर म्हणजे रानगाढव. रानगाढव लाथेने मागे दगड उडवतं, त्यावरून ते नाव पडलं असं म्हणतात. चौथ्या शतकातला सैनिक-इतिहासकार अम्मियानुस मार्सेलिनुस सांगतो, की हे यंत्र दगडी भिंतीवर ठेवलं तर त्याच्या वजनाने नव्हे तर हादऱ्याने भिंत खिळखिळी होते.

गेम खेळणाऱ्याच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा फरक एवढाच, की ऑनेजरचा दगड वर चढून कमान करत खाली येतो, तर बलिस्टाचा बाण जवळजवळ सरळ रेषेत जातो. दगड जिथे पडतो तिथे नुकसान करतो. बाण त्याच्या रेषेत जे जे येईल त्याला लागतो. म्हणून ऑनेजरला विचारायचं 'कुठे?' आणि बलिस्टाला विचारायचं 'कुठल्या दिशेने?'. आणि सरळ रेषेत आपलीच माणसं आली तर त्यांनाही बाण लागतो. हा गेम आपला-परका पाहत नाही.

आता तो कागदावरचा हिशेब. हे आकडे गेमच्या फायलींतले नाहीत, गणित सोपं व्हावं म्हणून घेतले आहेत. समजा शत्रूचं शंभर जणांचं युनिट वीस माणसं रुंद आणि पाच ओळी खोल उभं आहे. तुमची गाडी बरोबर समोर असेल, तर एका बाणाच्या रेषेत जास्तीत जास्त पाच माणसं येतात. तीच गाडी त्या युनिटच्या बगलेला, ओळीच्या सरळ रेषेत नेऊन उभी केली, तर त्याच बाणाच्या वाटेत वीस माणसं येतात. बाण प्रत्येकाला आरपार जाणार नाही हे खरं, पण पहिला चुकला तर दुसरा सापडतो, दुसरा चुकला तर तिसरा. म्हणजे गाडी तीच, बाण तोच, आणि फक्त जागा बदलल्याने सावज चौपट.

याच्या शेजारी मागे पळत लढण्याचा हिशेब मांडू. गाडीची रेंज दोनशे पावलं, शत्रूचं पायदळ सेकंदाला दोन पावलं येतं, गाडी सेकंदाला चार पावलं जाते, आणि एक बाण लावायला दहा सेकंद लागतात असं धरा. शत्रू पन्नास पावलांवर येईपर्यंत थांबायचं ठरवलं तर पहिल्या खेपेला पंचाहत्तर सेकंद मिळतात, म्हणजे सातेक बाण. मग पळायचं. अंतर पुन्हा दोनशे पावलांचं व्हायला पंचाहत्तर सेकंद लागतात, आणि तेवढ्यात गाडी तीनशे पावलं मागे गेलेली असते. थांबून, वळून नेम धरायला आणखी पंधरा सेकंद द्या. तेवढ्यात शत्रू तीस पावलं जवळ आला. उरलेल्या साठ सेकंदांत सहा बाण. म्हणजे दीडशे सेकंदांच्या फेरीत नव्वद सेकंद यंत्र रिकामं, पदरात समोरून मारलेले सहा बाण, आणि तीनशे पावलं जमीन खर्ची पडली. अशा दोन-तीन फेऱ्यांत मॅप संपतो. शत्रूकडे घोडदळ असेल तर पहिली फेरीही पुरी होत नाही, कारण घोडा गाडीपेक्षा वेगाने धावतो.

बगलेला जायला किती वेळ लागतो? दोनशे पावलं आडवं जायचं झालं तर पन्नास सेकंद, वळून नेम धरायला पंधरा. एकदाच. त्यानंतर शत्रूची ओळ तुमच्या पायदळाशी भिडून जोवर तिथेच अडकली आहे, तोवर प्रत्येक बाण लांबीच्या दिशेने जातो. हे पाहिल्यावर मी गाड्या पळवणं सोडलं आणि वळवायला लागलो. आता एका लढाईत गाडी एकदा, फार तर दोनदा हलते. पण ती हालचाल कधी आणि कुठे करायची, यावरच मी सगळ्यात जास्त डोकं चालवतो.

रोमनांनी स्वतः ही गाडी कशी वापरली, हे पाहिलं की गेममधल्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. रोममध्ये ट्राजनचा स्तंभ आहे. इसवी सन ११३ साली उभारलेला, डेसियाच्या (आजच्या रोमानियाच्या भागातल्या) युद्धांची चित्रकथा सांगणारा. त्यावर दोन जनावरं जुंपलेल्या गाडीवर बलिस्टा बसवलेली स्पष्ट कोरलेली दिसते. व्हेजेटियस या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय, की एका लीजनमध्ये, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीत, अशा पंचावन्न गाड्या असत, प्रत्येक गाडीला अकरा माणसं लागत आणि वर बैलगाड्यांवरून नेलेले दहा ऑनेजर. अकरा माणसं हा आकडा मला फार बोलका वाटतो. गेममध्ये गाडीवर दोन-तीन माणसं दिसतात आणि आपण तिला रथ समजतो. अकरा माणसं लागणारी वस्तू रथासारखी धावून जाणारच नाही. ती योग्य जागी नेऊन उभी करायची असते.

इसवी सन १३५ च्या सुमारास कॅपाडोशियाचा (आजच्या तुर्कस्तानातल्या रोमन प्रांताचा) सुभेदार आरियन याने अलान टोळीच्या घोडेस्वारांविरुद्ध सैन्य कसं उभं करायचं याची आज्ञा लिहिली. त्यात यंत्रं दोन्ही टोकांना ठेवायला सांगितली आहेत, म्हणजे येणाऱ्या शत्रूवर शक्य तितक्या लांबून मारा करता येईल, आणि काही संपूर्ण फळीच्या मागे. गेममध्ये डिप्लॉयमेंटच्या वेळी, म्हणजे लढाईआधी सैन्य मांडताना, हीच मांडणी जशीच्या तशी करून बघा. मधोमध पायदळ, दोन्ही टोकांना थोड्या उंचवट्यावर गाड्या. मागे ठेवलेली यंत्रं फक्त तेव्हाच उपयोगी, जेव्हा मागची जमीन पुढच्यापेक्षा उंच असते आणि बाण आपल्या माणसांच्या डोक्यांवरून जातो. सपाट मैदानात गाड्या पायदळाच्या मागे ठेवणं म्हणजे आपल्याच लोकांच्या पाठीवर नेम धरणं. ही चूक नवखे तर करतातच, पण घाईत अनुभवी खेळाडूही करतात. पायदळ पुढे सरकतं, मधे येतं आणि गाडी आपली बाण मारतच राहते.

उंचीबद्दल आणखी एक. टेकडी चांगली, पण फार उंच टेकडी तितकी चांगली नाही. बाण जितक्या तिरक्या कोनात खाली येईल तितक्या लवकर जमिनीत घुसतो, मग मागच्या ओळींपर्यंत पोचत नाही. आपल्या माणसांच्या डोक्यांवरून जाईल एवढाच चढ पुरे.

यंत्र हलवण्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण इसवी सन ६९ मधलं आहे. नीरोनंतर एका वर्षात चार सम्राट झाले, त्या धामधुमीत इटलीतल्या क्रेमोनाजवळ त्या चौघांतल्या व्हिटेलियसची फौज आणि व्हेस्पासियनच्या बाजूची फौज रात्रभर लढल्या. रोमन इतिहासकार टॅसिटसने त्या रात्रीचं वर्णन केलं आहे. व्हिटेलियसच्या बाजूची यंत्रं आधी विखुरलेली होती आणि त्यांचे बाण झाडांवर आपटून वाया जात होते. मग त्यांनी ती सगळी उंच बांधलेल्या रस्त्यावर आणली, कारण तिथून समोरची जमीन मोकळी होती. यंत्रं तीच, फक्त जागा बदलली. आणि लगेच, बाणांऐवजी मोठमोठे दगड फेकणाऱ्या एका प्रचंड बलिस्टाने समोरच्या फळीत भगदाडं पाडायला सुरुवात केली.

तिला थांबवलं दोन सैनिकांनी. पडलेल्या शत्रूंच्या ढाली उचलून ते ओळख न पटता यंत्राशी पोचले आणि त्याचे दोर कापले. दोघेही तिथेच मारले गेले. त्यांची नावंही उरली नाहीत, असं टॅसिटस लिहितो, पण त्यांच्या कामाबद्दल कुणालाच शंका नव्हती. मग चंद्र उगवला, तो व्हेस्पासियनच्या बाजूच्या पाठीमागून. त्यांच्या सावल्या लांब पडल्या, व्हिटेलियसचे लोक सावल्यांनाच माणसं समजून नेम धरू लागले आणि त्यांचा मारा अलीकडेच पडू लागला. हा प्रसंग मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा अंगावर काटा येतो.

गेममध्ये चंद्राच्या सावल्यांचा हिशेब मी धरत नाही, पण त्या दोन सैनिकांचा मात्र रोज धरतो. यंत्राभोवतीची माणसं मेली की यंत्र निरुपयोगी. एआयला, म्हणजे शत्रूची बाजू खेळणाऱ्या संगणकाला, हे पक्कं ठाऊक असल्यासारखी त्याची हलकी घोड्यांची तुकडी वळसा घालून थेट गाड्यांवर येते. म्हणून गाडीजवळ भालाईतांचं एक युनिट हवंच. ते गाडीच्या पुढे उभं करायचं नाही, नाहीतर बाणाच्या वाटेत येईल. गाडीच्या बाहेरच्या अंगाला, किंचित मागे, ज्या बाजूने घोडा येऊ शकतो तिकडे तोंड करून उभं करायचं. एक युनिट असं 'वाया' घालवायला सुरुवातीला मन होत नाही. पण तेच युनिट तुमच्या बगलेचंही रक्षण करतं, तेव्हा ते वाया जात नाही.

आता बाण किती आहेत त्याकडे वळू. ते मोजके असतात. लढाई सुरू झाल्यावर गाडीला मनाप्रमाणे मारा करू दिला, तर ती रेंजमध्ये आलेल्या पहिल्या युनिटवर मारायला लागते, आणि पहिलं येणारं युनिट बहुतेक वेळा पांगून चालणारं हलकं भालेफेकीचं असतं. विरळ माणसांमधून बाण निघून जातो. म्हणून आपोआप मारा करण्याचा पर्याय मी आधीच बंद करतो आणि लक्ष्य स्वतः ठरवतो. दाट, खोल, सावकाश चालणारं युनिट हे बलिस्टाचं खरं लक्ष्य. मूळ गेममधली लांब भाल्यांची फॅलँक्स, किंवा या पुरवणीत आलेली ढालींची भिंत. ढालींची भिंत समोरून फोडायला पायदळाला जीव काढावा लागतो, पण ती हलत नाही आणि माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. म्हणजे बगलेला उभ्या असलेल्या गाडीसाठी याहून चांगलं काही नाही. समोर तुमचं पायदळ ढकलाढकली करत असताना बाण त्या भिंतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतून आडवे जाऊ द्या. पहिली ओळ सोडा, तिथे आपली माणसं मिसळलेली असतात. शिवाय बगलेकडून मार बसत असताना मागच्या माणसांचं धैर्य खचतं आणि अशी युनिट्स पुष्कळदा शेवटचा माणूस पडण्याआधीच पळ काढतात.

दोन्ही सैन्यं लांबून एकमेकांकडे बघत थांबली असतील तेव्हा गाडीचा आणखी एक उपयोग आहे. लांबून मार खात उभं राहणं एआयला सोसत नाही. तो एकतर पुढे येतो, म्हणजे तुमच्या टेकडीवर चढून येतो, किंवा रांग मोडून मागे सरकतो. दोन्हींत तुमचा फायदा. इथे दोन-चार बाण खर्च करायला काही हरकत नाही.

पुलावरची लढाई हे तर या युनिटचं माहेर. पुलावर शत्रू आपणहून लांब, अरुंद रांगेत येतो. म्हणजे बगल शोधायलाही जावं लागत नाही, समोरूनच लांबीची दिशा मिळते. पण गाडी पुलाच्या अगदी सरळ रेषेत ठेवली तर पुलाच्या तोंडाशी अडवायला उभी केलेली आपली माणसं मधे येतात. म्हणून ती काठावर थोडी बाजूला, तिरपी ठेवायची. रेषा पुलाच्या बऱ्याचशा लांबीवरून जाते आणि आपलं तोंड मोकळं राहतं. एक सावधगिरी मात्र हवी. या पुरवणीत काही हलकी युनिट्स नदी पोहून येऊ शकतात. सगळं लक्ष पुलाकडे असताना भिजलेली माणसं काठावरून थेट गाडीच्या मागे निघतात. माझी एक चांगली चाललेली लढाई अशीच हातची गेली. तेव्हापासून नदीकाठी गाड्या असल्या की दर थोड्या वेळाने गेम पॉज करून काठ नजरेखालून घालतो.

शहराच्या लढाईत बचाव करत असाल तर गल्ल्यांचा विचार पुलासारखाच करा. गल्लीत शिरलेलं सैन्य लांब आणि अरुंद होतं. गल्लीच्या टोकाला पायदळ आडवं उभं करून गाडी त्याच्या मागे ठेवण्यापेक्षा, ती गल्ली जिथे वळते त्या वळणाच्या सरळ रेषेत पलीकडे ठेवा. शत्रू वळेपर्यंत तो तुमच्या रेषेत चालतो. हल्ला करत असाल तर मात्र गाडीकडून फार अपेक्षा नको. दगडी तटाला बाणाने काही होत नाही, ते काम ऑनेजरचं.

हूणांचे घोडेस्वार धनुर्धर हा सगळ्यात अवघड विषय. ते गाडीपेक्षा वेगवान, एका जागी थांबत नाहीत आणि गोल फिरत बाण मारतात. फिरत्या विरळ वर्तुळावर सरळ बाणाचा नेम क्वचितच बसतो. गाडीची रेंज त्यांच्या धनुष्यापेक्षा जास्त असते, तेवढाच काय तो आधार. म्हणून ते फिरायला लागण्याआधी, लांबून एकगठ्ठा येत असताना मारायचं. एकदा वर्तुळ सुरू झालं की गाड्यांचा मारा थांबवा, त्यांना पायदळाच्या घोळक्यात घ्या आणि ते काम आपल्या पायी धनुर्धरांवर सोपवा. मी यात बरेच बाण वाया घालवले आहेत, म्हणून ठासून सांगतो.

बाण संपले की गाडी लढाईत ठेवू नका. तिला मागे घेऊन मैदानाबाहेर काढा. रिकामी गाडी जवळच्या लढाईत फार काळ टिकत नाही, आणि तिची माणसं वाचली तर पुढच्या लढाईत पुन्हा भरलेल्या बाणांसह उभी राहतात. भालाईतांचं जे युनिट तिच्या रक्षणाला होतं ते आता मोकळं झालं. ते बगलेलाच उभं आहे. शत्रूच्या ओळीच्या टोकावर तिथूनच सोडा.